साक्षीदारांच्या बाकड्यावर

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराला दुष्काळही आला. मी तेव्हा तिथल्या कायद्याच्या कॉलेजात जात होते. लग्नानंतर घरीच अभ्यास करून बी.ए. झालेली बाई मी, वर्गात वयानं सगळ्यांत थोरली. फौजदारी शिकवणारे सर म्हणाले, "पुस्तक झालं. आता कोर्टात जाऊन एक खटला बसून बघा."

गेले बाई. मागच्या बाकावर बसले. पुकारा झाला अन् मान वर करून बघते तर काय, आरोपीच्या पिंजऱ्यात माझी शेजारीण! तिच्यावर केस झालीय हे ठाऊक होतं, पण ती आजच अन् इथंच निघेल हे कुठं ठाऊक?

झालं होतं असं. गावात पाण्याचा टँकर यायच्या आधी आम्ही घागरी रांगेत ठेवून घरी जायचो. घागर उभी म्हणजे माणूस उभं, असं सगळ्यांनीच धरलेलं. एक दिवस टँकर आल्यावर सरपंचाच्या भावजयीनं शेजारणीची घागर उचलून मागं ठेवली अन् आपली पुढं सरकवली. शेजारीण ओरडली. भावजय गर्रकन वळली, सांडलेल्या पाण्यात घसरली, कपाळ दगडावर फुटलं. अन् तक्रार काय, तर हिनं घागर डोक्यात घातली!

सगळ्या बायांनी पाहिलं होतं. मीही. पण टँकर कुठल्या गल्लीत थांबवायचा ते सरपंचाच्या हातात. मग कोण बोलतंय? सासूबाईंनी बजावलंच होतं, "तू तोंड उघडलंस की टँकर गेला. लेकरांना काय पाजशील, तुझं पुस्तक?"

शेजारणीनं मला पाहिलं अन् मान खाली घातली. पुढच्या बाकावरून सरपंच वळला, हसला.

"काय वैनी, वकिलीण व्हायलाव का?"

"व्हय," म्हणाले.

सरांनी नुकतंच शिकवलं होतं, साक्ष द्यायची असेल त्यानं दुसऱ्याची साक्ष ऐकत आत बसायचं नसतं, आपली साक्ष कच्ची पडते. भावजयीची साक्ष आता सुरू होणार होती. बसून राहिले तर शेजारीण गेली. उठले तर सरपंचाला कळलं.

उठले. सरपंचाची नजर पाठीवर घेऊनच दाराबाहेर पडले. व्हरांड्यात साक्षीदारांचं बाकडं होतं, त्यावर बसले.

शेजारणीचा वकील मागोमाग आला. "बाई, शिकणारी मंडळी आत हायत. तुम्ही इथं कशा?"

"मी बघितलंय. सगळं."

त्यानं मागं पाहिलं, हळूच दार लोटलं. "मग इथून हलू नका."

हलते कुठं? आत भावजयीला शपथ देत होते, अन् मी घरात किती हंडे भरलेले हायत ते आठवत बसले.