ईराचा इन्शुरन्स काढून देणारे काका

"काहून घाई करता? बसा."

गाडीच्या इन्शुरन्सचं विचारायला कोणी फोन केला की काकांचं पहिलं वाक्य हे. आता फोनवर माणूस बसणार कुठे? पण बसा म्हणजे आमच्या पार्सिपनी गावातल्या त्यांच्या छोट्या ऑफिसात येऊन बसा. एका बाजूला देशी किराणा, दुसऱ्या बाजूला भुवया कोरून देणारं दुकान आणि मधे काका. गेलात की आधी चिवड्याचा डबा पुढे येई, मग चष्मा कपाळावर चढे आणि मग तुमच्या गाडीचा विषय निघे.

तुमच्याही गावात असं कोणीतरी असेल, ज्याचं नाव कोणाला नीट ठाऊक नसतं आणि फोन नंबर मात्र सगळ्यांकडे असतो. आमचे काका मूळचे नागपूरचे. इंजिनिअर म्हणून या देशात आले, पन्नाशीत कारखाना बंद पडला, तेव्हा इन्शुरन्सची परीक्षा देऊन एजंट झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला. आता काकाही नाहीत.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. ईरा सतरा वर्षांची होत आली होती, लायसन्स मिळायला दोन-तीन महिने होते. त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. शाळा सुटल्यावर ईराला नर्सिंगच्या क्लासला जायचं होतं आणि तिथे बस जात नव्हती. मी ऑनलाइन तिचं नाव घालून पाहिलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तिच्या एकटीचा इन्शुरन्स आम्हा दोघांच्या मिळून होणाऱ्या इन्शुरन्सपेक्षा जास्त येत होता.

"इट्स फाइन, मॉम. मी क्लास ड्रॉप करते," ईरा म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली, की मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या समोर जाऊन बसलो. मला त्यांनी काही विचारलंच नाही. ते ईराकडे वळले.

"मार्क्स कसे आहेत?"

"मोस्टली ए."

"मोस्टली म्हणजे?"

"केमिस्ट्रीत बी आहे," ईरा पुटपुटली.

"अरे, मग काय! चांगल्या मार्कांना कंपनी डिस्काउंट देते, बीलाही देते. माझे केमिस्ट्रीचे मार्क पाहिले असते, तर मला कोणी सायकलसुद्धा दिली नसती."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. तिची वेगळी पॉलिसी काढायची नाही, आईवडिलांच्या पॉलिसीतच नाव घालायचं. चालवायला घरातली जुनी गाडी द्यायची. ड्रायव्हिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट जोडायचं. आणि फोनवर एक अ‍ॅप घ्यायचं, जे पोरीने ब्रेक किती जोरात मारला हेही कंपनीला कळवतं. "हे अ‍ॅप आईपेक्षा वाईट," ते ईराला म्हणाले. "आई निदान झोपते."

ती सगळी दुपार काका एकेका कंपनीला फोन लावून होल्डवर बसले. तेच ते संगीत स्पीकरवर वाजत होतं आणि काका त्यावर बोटांनी ठेका धरत होते. संध्याकाळपर्यंत आमची पॉलिसी दुसऱ्या एका कंपनीत गेली आणि आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. घरी येऊन कागद नीट वाचले, तेव्हा कळलं की त्यात एजंट म्हणून काकांचं नावच नाही. ती कंपनी एजंटांमार्फत पॉलिसी विकतच नव्हती. मी फोन केला.

"काका, यात तुम्हाला काय मिळालं?"

"माझ्याकडून महाग पडलं असतं ना बाई," ते म्हणाले आणि लगेच दुसरंच बोलू लागले. "पोट्टीला शनिवारी सकाळी पाठव. हात बसला पाहिजे तिचा."

असे त्यांचे शनिवार सुरू झाले. काका शेजारी बसत आणि ईरा आमची जुनी गाडी चालवी. आधी देवळाचं रिकामं पार्किंग, मग गल्ल्या, मग रूट ४६चा हायवे. ती घरी येऊन त्यांची नक्कल करायची: "समोरचा चुकणार आहे असं धरून चाल. तो नाही चुकला, तर मनातल्या मनात थँक्यू म्हण." घरात माझ्याशी इंग्रजीत बोलणारी माझी मुलगी काकांशी मोडकंतोडकं मराठी बोलू लागली. तिला लायसन्स मिळालं, त्या दिवशी नव्या ड्रायव्हरचे लाल स्टिकर नंबर प्लेटवर काकांनीच चिकटवले. थोडे वाकडे चिकटले. ईराने ते सरळ करू दिले नाहीत.

पुढच्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण आलं. मी सल्ला विचारायला ऑफिसात गेले, तर काकांनी विचारलं, "पोट्टीचे मार्क्स कसे आहेत?" मी सांगितलं. चिवडा खाऊन होईस्तोवर त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि घरी आले.

मग एका संध्याकाळी आमची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून ईराला क्लासहून काकांनी आपल्या गाडीने घरी सोडलं. ती आत आली ती पांढरीफटक.

"मॉम, काका रॅन अ रेड लाइट. त्यांना दिसलाच नाही. एक बाई स्ट्रोलर घेऊन उभी होती. आणि मग त्यांनी मला विचारलं, तुझं घर कुठे आहे म्हणून."

मी पाणी दिलं. ते तिने तसंच हातात धरून ठेवलं.

"तू कोणाला सांगणार आहेस का? प्लीज डोन्ट. त्यांच्याकडे दुसरं काहीच नाहीये."

मी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत रस्त्यावर सायरन वाजला की मी खिडकीशी जाऊन उभी राही. तिसऱ्या दिवशी मी सांता क्लाराला त्यांच्या मुलीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला फोनवर कळत होतं. मीच कळून घेत नव्हते."

ती आली. तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश होता, आणि बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. किल्ल्या घेताना तिने मलाही बोलावून घेतलं होतं. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना सगळं लख्ख कळत होतं.

"तू सांगितलंस?"

"हो, काका."

"बरोबर केलंस." त्यांनी किल्ल्या मुलीकडे सरकवल्या. "पण मला विचारलं असतंस, तर किल्ल्या मीच दिल्या असत्या."

त्यांनी खरंच दिल्या असत्या का, हे मला आजही माहीत नाही. मी त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.

त्यानंतर शनिवारी ईराच त्यांना देवळात आणि किराण्याला घेऊन जाऊ लागली. सुरुवातीला काका शेजारी बसून सूचना करत. हळूहळू सूचना कमी झाल्या. एकदा ते तिला म्हणाले, "छान चालवतेस तू. कोणी शिकवलं?"

"एका काकांनी," ईरा म्हणाली.

"चांगला माणूस दिसतो."

घरी येऊन मला हे सांगताना ईरा रडली नाही. आपल्या खोलीत गेली आणि जेवायला आली नाही.

शेवटी त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. विमानतळावर ईराने गाडी कडेला लावली, मी आणि त्यांच्या मुलीने बॅगा उतरवल्या. काकाही उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून पुन्हा आत जाऊन बसले.

"झालं ना? चला घरी," ते म्हणाले.

"बाबा, आपल्याला विमानात जायचंय," मुलगी म्हणाली.

"मी नाही जात. मला उशीर होतोय. माझी माणसं येऊन थांबली असतील."

पोलीस शिट्टी मारून गाडी पुढे घ्यायला सांगत होता. त्यांच्या मुलीने एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना गाडीतून उतरवलं. हात हलका होता, पण त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. ईरा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी तिच्या शेजारी बसले, आम्ही निघालो. मी आरशात पाहिलं. आमच्या जागी कोणाची तरी पांढरी गाडी येऊन लागली होती. काका त्या गाडीकडे पाहून हसत होते आणि हात हलवत होते.