दुखणं थांबलं ती सकाळ

लुआन युनफू लबाड नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक हमखास तेच म्हणतात. आमच्या फूशुन शहरातल्या कारखान्यात तो तीस वर्षं बॉयलरवर होता. ‘ची’ म्हणजे अंगातली प्राणशक्ती; निवृत्त झाल्यावर तो तिच्या वर्गाला गेला आणि ती तळहातातून सोडून दुसऱ्याचं दुखणं काढायला शिकला. १९८८ साल होतं. ची अंगात भरून घ्यायला निम्मं शहर पहाटे बागेत हात पसरून उभं असायचं. लुआन रोग्याला शिवत नसे. वीतभर अंतरावरून तळवा फिरवायचा आणि मग खिडकीबाहेर हात झटकायचा. गुडघे, पाठ, उडालेली झोप. बदल्यात फार तर चार सफरचंदं. माझी धरलेली मानही त्यानेच सोडवली होती. कशी, ते मला विचारू नका. मी कारखान्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे.

त्यांच्या वर्गात एक गोष्ट पढवलेली होती. उपचारानं दुखणं वाढलं तर घाबरायचं नाही; ची रोगाच्या मुळावर जाऊन धडकली, असं समजायचं. गुडघ्यापुरतं हे खपून जातं.

डिसेंबरात त्याच्या बायकोच्या, याछिनच्या, पोटात उजवीकडे दुखू लागलं. लुआननं लगेच तळवा धरला. दुसऱ्या दिवशी ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. माझं दार समोरचंच. मी आत गेले.

"उस्ताद, दवाखान्यात न्या हिला."

"बाई, काल नुसतं ठणकत होतं. आज बघा किती जोर! बरोबर धडकलीय."

"धडकलीय कसली? अपेंडिक्स असेल."

"तुम्ही कॉलेजवाल्या! मान धरली होती तेव्हा कुणाकडे आला होतात?"

याछिन दात आवळून म्हणाली, "भांडू नका गं. या म्हाताऱ्यानं तीस वर्षं बॉयलर फुटू दिला नाही, मला काय फुटू देतोय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास दुखणं थांबलं. एकदम. ती उठून बसली, राळ्याची पेज मागून घेतली. शेजारणी जमल्या.

"आता दारावर पाटी लावा उस्तादांची!"

"लावू की. आधी त्याला आंघोळ घालू," याछिन म्हणाली आणि हसली.

लुआन सगळ्यांसमोर रडत होता. दवाखाना हा शब्द त्या सकाळी मीही काढला नाही. बऱ्या झालेल्या बाईला कोण दवाखान्यात नेतं?

संध्याकाळी तिचं पोट फळीसारखं कडक झालं. तापात ती मेलेल्या आईशी बोलू लागली. लुआन पुन्हा तळवा धरून उभा होता. मी त्याला ढकललं, माणसं गोळा केली आणि कोबीच्या ढकलगाडीवर घालून तिला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तर पू सगळीकडे पसरलेला. दोन दिवसांनी ती गेली.

कारखान्याच्या आमच्या वसाहतीनं लुआनला लगेच माफ केलं. घरच्या माणसावर ची चालत नाही, असं कुणीतरी शोधून काढलं. त्यानं मात्र माझं दार वाजवलं.

"बाई, ती हसली तेव्हा आत काय झालं होतं?"

"तेव्हा ते फुटलं होतं. फुटलं की ताण जातो, थोडा वेळ दुखत नाही."

"त्या सकाळी नेली असती तर?"

"बहुधा वाचली असती."

"मग तुम्ही गप्प का बसलात? आदल्या दिवशी तर भांडत होतात."

"मला वाटलं, तुम्ही खरंच बरी केलीत."

तो समोरच्या आपल्या घरात परत गेला.

त्यानंतर त्यानं कुणावर तळवा धरला नाही. गुडघेवाले यायचे, तर दारातूनच म्हणायचा, "माझ्याकडे काही नाही. कधी होतं का, तेही ठाऊक नाही. घरी जा." लोकांना तो थोर माणसाचा विनय वाटला. दूरदूरच्या गावांहून माणसं येऊ लागली, आणि सहा वर्षांनी तो मेला त्या दिवशीही जिन्यात रांग होती.