कर्जासाठी खिचडी

घरकर्जासाठी बँक तीन महिन्यांची स्टेटमेंट्स मागते, हे कळल्याबरोबर मी घरात काटकसर जाहीर केली. बाहेर जेवणं बंद, कपडेखरेदी बंद, रात्री रोज खिचडी. मग फ्रँकफर्टच्या बँकेत सल्लागार बाईंपुढे ते कागद मी प्रगतिपुस्तकासारखे ऐटीत ठेवले. त्यांनी फक्त पगार पाहिला.

"आणि खर्च?" मला राहवेना.

"त्याची आमच्याकडे पाउशाले असते, माणशी ठरलेली रक्कम. तुम्ही खाता काय, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही."

मंजुरीचं पत्र आलं, त्या दिवशी बायको शांतपणे म्हणाली, "आजची खिचडी तू कर."

तीन महिने हुकूम सोडणाऱ्या मला त्या संध्याकाळी तिलाच विचारावं लागलं, की खिचडीत पाणी किती घालायचं.