राक्षसपट आणि बाबा

राक्षसाच्या गर्जनेला सुरुवात होते ती पायाखालून. आधी खुर्चीच्या हातांत बारीक थरथर उमटते, मग छातीत काहीतरी घुमू लागतं, आणि त्यानंतर कुठे कानांना कळतं की आवाज येतो आहे. पॉपकॉर्नच्या आणि लोण्याच्या वासाने भरलेल्या त्या थंडगार काळोखात तो खर्जातला नाद हळूहळू चढत जातो, एका उंचीवर पोचून तिथेच बराच वेळ स्थिर राहतो आणि मग दमल्यासारखा उतरत उतरत विरून जातो. पडद्यावर समुद्र दुभंगतो, डोंगराएवढं मस्तक पाण्याबाहेर येतं, आणि माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या, कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या बाईच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहतो. हो, मला हे सिनेमे आवडतात! एखाद्या राक्षसाचा पुढचा भाग येणार असं कळलं की मी त्या शुक्रवारची वाट पाहू लागते. आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

या वेडाचं मूळ भोपाळच्या आमच्या वसाहतीत आहे. बाबा अमरावतीहून इथल्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. एकसारखी क्वार्टरं, एकसारखी फाटकं, शेजारी बंगाली, समोर मल्याळी, मागच्या गल्लीत आमच्यासारखीच विदर्भातली दोन-तीन घरं. या साऱ्यांचं सामायिक घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. शेजारीपाजारी त्याला हूटर म्हणत. तो वाजला की बाबा ताटावरून उठत, हातातला घास तसाच ठेवून. डावा हात खिशातला गेटपास चाचपायचा, उजवा हात डब्याची पिशवी शोधायचा, आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत त्यांची सायकल फाटकाबाहेर पडलेली असायची. आई म्हणायची, "यांना माझी हाक ऐकू येत नाही, भोंगा मात्र झोपेतसुद्धा ऐकू येतो." तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असे.

हिवाळ्यात कधीमधी क्लबच्या मैदानावर पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. गोड गाण्यांच्या सिनेमांना आई यायची. राक्षसाच्या सिनेमाला मात्र मी आणि बाबा, दोघंच. त्यांच्या खांद्यावर बसून, त्यांच्या मफलरची टोकं मुठीत धरून मी पहिल्यांदा एक अजस्र सरडा शहर तुडवताना पाहिला. भोवतालची माणसं ओरडत होती, टाळ्या पिटत होती, आणि बाबा एकाग्र चित्ताने त्या सरड्याचे पाय न्याहाळत होते. "एवढं वजन त्या घोट्यांवर? नाही टिकायचं बेटा," असं काहीतरी ते पुटपुटले. मग इमारत कोसळली तेव्हा तेच सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. त्यांच्या हसण्याने मी खांद्यावर गदगदा हलले होते. भीतीत एवढं सुख असतं हे मला त्या रात्री कळलं.

तसं पाहिलं तर राक्षस एका भागात मरत नाही यात नवल ते काय? रक्तबीजाचा एक थेंब भुईवर सांडला की नवा रक्तबीज उभा राहायचा. महिषासुर तर आमच्या वसाहतीतल्या बंगाल्यांच्या मंडपात दर शरदात नव्याने येतो, नव्याने मरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्या दर्शनाला रांग लावणाऱ्या कोणालाही ओशाळं वाटत नाही. मग मलाच का वाटावं? कारण शिकलेल्या माणसाची लाज फार चोखंदळ असते. तिला खोटं बोलण्याची लाज वाटत नाही, पण आपल्या आवडीनिवडी उघड्या पडण्याची वाटते. यंदा असाच एक पुढचा भाग लागला, त्याच आठवड्यात मी वर्गात अभिरुची या विषयावर तावातावाने बोलले होते. राक्षसांचे दुसरे-तिसरे भाग बघून बुद्धीला गंज चढतो, असंही एक वाक्य मी फेकलं होतं. मुलांनी ते वहीत उतरून घेतलं, आणि मी घरी येऊन दोन तिकिटं काढली.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. सिनेमाला चला म्हटल्यावर ते आधी "मला कशाला" म्हणाले, मग इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार होऊन बसले. हबीबगंजकडच्या त्या झगमगीत मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. हे लहान मुलासारखं धरणं मला त्या क्षणी फार गोड वाटलं होतं. पॉपकॉर्न घेऊन आम्ही वळलो आणि समोर माझ्या वर्गातली सहा-सात मुलं उभी! "मॅम, आप? इस पिक्चर में?" एकीने डोळे विस्फारून विचारलं. आणि तुम्हाला सांगते, एका क्षणाचाही विलंब न लावता माझ्या तोंडून निघालं, "अरे, भतीजी को लाई हूँ। बच्ची मान ही नहीं रही थी।"

मला भाची नाही, पुतणी नाही. माझ्यामागे, दोन पावलांवर, हातात पॉपकॉर्नचा डबा घेऊन माझे वडील उभे होते. वळून त्यांच्याकडे बघावं, हे माझे बाबा म्हणून सांगावं, तर थाप तिथल्या तिथे उघडी पडली असती. मी वळले नाही. थोड्या वेळाने एक म्हातारा माणूस माझ्या बाजूने, मला ओळखत नसल्यासारखा, सावकाश पुढे निघून गेला.

आत जाऊन मी बाबांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मुलं आमच्यामागे दोन ओळी सोडून होती. दिवे मालवले आणि मला हायसं वाटलं. काळोख किती समजूतदार असतो! मध्यंतरात मी फोनमध्ये डोकं खुपसून बसले, बाबांनी डोळे मिटून घेतले, आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला तरी ते मिटलेलेच राहिले. त्यांना झोप लागली होती. पडद्यावर मेलेला समजलेला राक्षस पुन्हा जागा होत होता. मघाशी जिचं वर्णन केलं, ती गर्जना याच वेळची. ती खालून चढली, उंचावर स्थिर झाली, ताणली गेली. मला ती ओळखीची का वाटते आहे हे उमगायच्या आत बाबा ताडकन उठून उभे राहिले.

डावा हात शर्टाच्या खिशावर गेला. उजवा हात खुर्चीखाली पिशवी चाचपू लागला. त्यांच्या धक्क्याने माझ्या मांडीवरचं पॉपकॉर्न भुईभर सांडलं. मागून आवाज आले, "अरे अंकल, बैठ जाइए ना!" कोणीतरी म्हणालं, "दादाजी डर गए," आणि हशाची एक लाट पुढच्या ओळींपर्यंत येऊन पोचली. तो हशा माझ्या वर्गातल्या मुलांचा होता. बाबा क्षणभर तसेच उभे राहिले, वाकून पाहिलं, पुन्हा सरळ झाले आणि पायऱ्या उतरत दाराकडे निघाले. अंधारात प्रत्येक पायरी ते पायाने चाचपत होते. अशा वेळी माणसाने काय करावं? कोणत्याही मुलीने काय केलं असतं? मी पडद्याकडे पाहत राहिले. शेजारची खुर्ची पहिल्यापासून रिकामीच असल्यासारखं तोंड करून, राक्षस पूल मोडतो आहे ते मन लावून पाहत राहिले. ते दाराबाहेर गेले, दार मिटलं, त्यानंतरही मी बसून होते. माझ्या मनाला लाज वाटत होती, पण ती त्या क्षणी त्यांची वाटत होती, माझी नव्हे. हे लिहितानाही कान तापतात.

मग मात्र बसवेना. बाहेर आले तर बाबा लांबच्या बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, शर्ट नीट खोचलेला होता. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "भोंगाच वाटला गं. झोपेत होतो ना." मी म्हटलं, "मग लगेच बसायचं ना बाबा. अंधारात पायऱ्या उतरत कशाला आलात? पडला असता तर?" अगदी साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते म्हणाले, "उभा राहिलो आणि लगेच लक्षात आलं. परत बसणारच होतो. पण तुझी मुलं हसत होती. तुझ्या शेजारी बसलो असतो तर त्यांना कळलं असतं की हा म्हातारा तुझ्याबरोबर आहे."

पृथ्वीने दुभंगून पोटात घ्यावं असं पुराणातल्या स्त्रियांना वाटे ते अपमान झाल्यावर. मला वाटलं ते मान राखला गेल्यावर. ज्या माणसाला मी अंधारात एकटं सोडलं होतं, तो त्या अंधारातून माझीच अब्रू सांभाळत चालत गेला होता! "तू जा आत, शेवट बघ," ते म्हणाले. मी गेले नाही. उरलेला सिनेमा आम्ही भिंतीपलीकडून ऐकला.

दारं उघडली, गर्दी बाहेर लोटली, त्यात माझी मुलंही होती. ती माझ्याकडेच येत होती. त्यांना पाहताच बाबा बाकावरून उठले आणि समोरच्या भिंतीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, कुठल्याशा पोस्टरवरचा मजकूर वाचू लागले. वाचायचा चष्मा तर त्यांनी घरीच ठेवला होता. मी हाक मारली, "बाबा." ते हलले नाहीत. मुलं माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मी पुन्हा, पूर्ण आवाजात हाक मारली, "बाबा, इकडे या."

तेव्हा ते वळले. त्यांनी आधी मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिथेच उभं राहून नजरेनेच मला विचारलं, येऊ का?