मिठागरातल्या माणसाने पाहिलेला बर्फ

बाबांच्या डाव्या डोळ्याने केव्हाच रामराम ठोकला होता. उजव्याचंही फार खरं नाही, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी डिसेंबरात सांगितलं. परतताना माजिवड्याच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "मना बरफ बघाचाय गो." खाडीकाठच्या मिठागरात जन्म काढलेल्या माणसाचा हा पहिलाच हट्ट. जानेवारीत आम्ही बापलेक निघालो. चंदीगडपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, मुक्काम मनालीला, आणि तिथून सोलांगचे स्कीइंगचे उतार.

मी शिमल्यावरून जलोडी खिंडीचा रस्ता ठरवला होता. नकाशात फार देखणा दिसतो. घोडबंदर रोडवर रोज गाडी काढणाऱ्या बाईला कसली भीती, हा माझा तोरा. गाडी देणाऱ्या सरदारजींनी तो एका दमात उतरवला. "मॅडम, जलोडी सर्दियों में बंद. बिलासपूर-मंडीवाला हायवे पकडो, और अंधेरे से पहले रुक जाओ."

तुम्हीही तेच करा. रस्ता रुंद आहे, बोगद्यांमुळे बरेचसे घाट वाचतात. मंडीला रात्र काढली, गरम राजमा-भात खाल्ला. पुढे बियास नदी सोबतीला येते आणि एका वळणावर अचानक समोरचं अर्धं आकाश पांढरं असतं. ते ढग नाहीत, डोंगर आहेत, हे कळायला मला वेळ लागला. मी चक्क गाडी चालवताना रडले.

बाबांना झोपता यावं म्हणून मी मागची सीट रिकामी ठेवली होती, पण ते पुढेच बसले. नशीब माझं. कुलूनंतर गर्दी टाळायला मी नग्गरचा रस्ता घेतला. देवदारांच्या सावलीत, उताराच्या वळणावर, थोडं पाणी साचलेलं दिसलं. पलीकडे खोल नदी.

"थांबव गो," बाबा म्हणाले. "ते पानी नाय."

"बाबा, पाणीच आहे. तुम्हाला नीट दिसत नाहीये."

"वारा हाय. झाडा हलतान. पानी हलत नाय."

मी थांबले, ते त्यांचं मन राखायला. खाली उतरून मी चार पावलं गेले आणि पाय असा सरकला की सरळ आपटले. काचेसारखा गोठलेला रस्ता होता तो. एका गावकऱ्याने येऊन माती टाकली, ऊन वर आलं, तेव्हा निघालो.

"कळलं कसं?" मी विचारलं.

"मीठ धराला लागला का पानी असाच थांबतं."

मनालीला आमची गाडी ठेवली आणि चाकांना साखळ्या लावलेली तिथली जीप केली. सोलांगला पोरं उतारावरून घसरत होती. बाबा काळा चष्मा लावून उभे, टोपी हातात. इतकं पांढरं, इतकं शांत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवला, विरघळू दिला.

"अळनी हाय," म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

घरी येऊन चार महिने झाले. परवा त्याच माजिवड्याच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "लाल हाय का हिरवा?"

"लाल," मी म्हटलं.

ते माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "बरा झाला, येळेवर गेलो."