पुरलेलं घोंगडं

माझं सासर भांडगावचं. माझे सासरे हरिबा, म्हणजे आमचे आबा, कशालाच भीत नाहीत, असं मला लग्न ठरताना सांगितलं होतं. तीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. लांडगा आला तर हा माणूस काठी घेऊन त्याच्याच मागे धावायचा म्हणे. पुढे चराई मिळेना, तेव्हा मेंढरं विकली आणि कॅनॉलच्या पाण्यावर दोन एकर ऊस केला. मेंढरांची आठवण म्हणून घरात एकच वस्तू राहिली, आबांच्या वडिलांच्या कळपाच्या लोकरीचं काळं घोंगडं. आबांची आणि आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हळद त्याच्यावर बसून लागली. माझीही त्याच्यावरच. आमच्या घरात बारशालासुद्धा आजा आधी बाळाला घोंगड्यावर ठेवतो, मग पाळण्यात.

शहाण्णव सालच्या थंडीत मला सातवा महिना होता. एका सकाळी हायवेकडून एक कुत्रं अंगणात आलं, बाजेवरच्या घोंगड्यात तोंड खुपसून लोळलं आणि निघून गेलं. आबा गोठ्यात होते. ते आले, घोंगडं झटकून मानेवरून घेतलं. ओलं लागलं, तर त्यांना वाटलं दव असेल. अर्ध्या तासानं कळलं की ते कुत्रं पिसाळलेलं होतं आणि खालच्या वस्तीवर लोकांनी ते मारलं. आबा पांढरेफटक पडले. घोंगडं जाळणं म्हणजे आमच्यात पाप, म्हणून त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, “हे उसाच्या कडंला नेऊन पूर. खोल पूर.” आत्याबाई “बरं” म्हणाल्या आणि घोंगडं काठीवर घेऊन गेल्या. मी आठ दिवसांनी बाळंतपणाला माहेरी शिक्रापूरला गेले, आणि खरं सांगते, विसरूनही गेले.

एप्रिलात अडीच महिन्यांची मुलगी घेऊन परत आले. आत्याबाईंनी बाळासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून ठेवली होती. चांगली जाड, उचलताना हाताला वजन लागायचं. पोरगी तिच्यावर ठेवली की गुपचूप झोपायची. सगळं घर तिच्याभोवती, फक्त आबा नाहीत. दारात उभं राहायचं, लांबून बघायचं, आणि मी बाळ पुढे केलं की “हात खराब हायत” म्हणून निघून जायचं. चार दिवस हेच चाललं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलगी झाली म्हणून हे नाटक, दुसरं काय? मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि आत जायचं.

मग एका सकाळी बघते तर आबा पडवीत तांब्यात डोकावून बसलेले. बराच वेळ आत बघितलं, मग घटाघटा सगळं पाणी प्यायले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी न राहवून विचारलं, “आबा, तांब्यात काय बघताय?”

“कुत्रं दिसतंय का ते बघतुया,” आबा म्हणाले. “ज्याला लागण व्हते त्याला पाण्यात कुत्रं दिसतं. आमच्या ज्ञानूला दिसलं व्हतं.”

ज्ञानू त्यांचा जोडीदार, दोघं एकत्र मेंढरं राखायचे. घाटात त्याला कुत्रं चावलं, जखम भरली, माणूस हसायला-खेळायला लागला, आणि तीन महिन्यांनी पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. आबांच्या मांडीवर गेला तो. “मला काय झालं तर झालं,” आबा म्हणाले, “पर पोरीला माझा हात लागाय नको.” मला माझीच लाज वाटली. रडूही आलं आणि आबांचा रागही आला, की पाच महिने हे एकट्यानं उरावर घेऊन बसले.

त्याच दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कुत्रं चावलं का, ओरबाडलं का, मानेवर तेव्हा काही जखम होती का? आबांनी तिन्ही वेळा “न्हाई” म्हटलं.

“मग काळजी नाही. धड कातडीतून कुत्र्याच्या लाळेचं विष आत जात नाही,” बाई म्हणाल्या. “खरंच चावलं तर मात्र साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी इथं यायचं.”

“तरीबी त्या चौदा सुया द्या,” आबा म्हणाले. त्या वेळी ती इंजेक्शनं पोटात द्यायचे, नुसतं नाव काढलं की माणसं पळून जायची, आणि हा माणूस सदरा वर करून बसलेला. बाईंनी दिली नाहीत. आबा वाटेत म्हणाले, “बाई शिकलेली हाय. पर तिनं ज्ञानूला बघितलं न्हाई.” झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

रविवारी बारसं होतं. बायका जमल्या, पाळणा सजला. कुणीतरी म्हणालं, घोंगडं आणा, आजाला बोलवा. आबा दारातूनच म्हणाले, “घोंगडं पुरलंय. तुमचं तुम्ही उरकून घ्या.”

तेव्हा आत्याबाई उठल्या. बाळाची गोधडी घेतली, खाली बसल्या आणि विळीवर तिची एक बाजू उसवली. आतून काळी लोकर बाहेर आली.

“ह्याच्यावर माझं लगीन लागलं, ते मी मातीत घालीन व्हय?” आत्याबाई म्हणाल्या. “आठ दिस कडक उन्हात घातलं. मग समदी थंडी मी आत घेऊन निजले. आन् तुमची नात पंधरा दिस ह्याच्यावरच लोळतीया. भुंकतोय का आम्ही?”

आबा उंबऱ्यावरच बसले. आधी चिडले, म्हणाले, “आन् मी थंडीभर पडवीत चादरीवर कुडकुडलो.” मग बोटांवर महिने मोजले, परत मोजले. उठून मोरीत गेले, साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि ओलेच हात माझ्यापुढे धरले. मी पोरगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला घोंगड्यावर ठेवलं, पण हात काही काढून घेतला नाही, कारण तिनं त्यांचं बोट धरलं होतं. त्यांचा सदरा पुढून भिजला, डोळ्यांतलं पाणी थांबेना.

रडून रडून घसा कोरडा पडला असावा. त्यांनी दुसरा हात मागे केला, मी तांब्या दिला. आबा सगळं पाणी प्यायले. तांब्यात एकदाही बघितलं नाही, नजर पोरीवरच होती.