जरतरताईंचं इंग्रजी

पडदे शिवणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे जरतरताई म्हणत, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. गिऱ्हाईक विटलेला पडदा घेऊन आलं की चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणत, "तेव्हाच अस्तर लावून घेतलं असतंत, तर रंग उडाला नसता." घरी दूध उतू गेलं तरी तेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर खाली-वर करून डोकं थंड झालेला माणूस. तो एवढंच म्हणे, "अगं, आत्याबाईला मिशा असत्या, तर काका नसतं का म्हटलं?"

लेकीने लग्न केलं ते दूरदेशीच्या, मराठीचा गंधही नसलेल्या गुरांच्या डॉक्टरशी. जावई दर रविवारी फोन करून इंग्रजीत ख्यालीखुशाली विचारी. ताई "फाइन, फाइन" म्हणत आणि तापलेलं भांडं सोडावं तसा फोन नवऱ्याच्या हातात देत. उभ्या आयुष्यात ज्या कुणाला बोलायला हटल्या नाहीत, त्यांची ही गत! शेवटी लाँड्रीच्या वरच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग भरायचा, तिथे त्यांनी नाव घातलं.

तिथे त्यांची पार दांडी गुल झाली. वर्तमानकाळ जिभेवर टिकेना, भविष्यकाळ डोक्यावरून जाई. शेजारी बसणारा चावीवालासुद्धा त्यांना उत्तरं सांगायला लागला, म्हणजे बघा.

एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'थर्ड कंडिशनल' लिहिलं. "मागे एखादी गोष्ट घडली नाही. ती घडली असती, तर काय झालं असतं, ते सांगायची ही रीत. अवघड आहे, घाबरू नका."

चावीवाला 'इफ'वरच अडकला. ताई मात्र हात वर न करता उभ्या राहिल्या. खालच्या इस्त्र्यांची वाफ फटीफटींतून वर येत होती.

"इफ यू हॅड ओपन्ड द विंडो," त्या बाईंना म्हणाल्या, "वी वुड नॉट हॅव बॉइल्ड."

बाईंनी मुकाट्याने खिडकी उघडली. ताई चावीवाल्याकडे वळल्या. "इफ यू हॅड स्टडीड, यू वुड हॅव नोन."

"अहो ताई, हे कुठे शिकलात?" बाई थक्क.

"शिकायचंय काय त्यात? मी जन्मभर हेच तर बोलतेय."

पुढच्या रविवारी जावयाने कळवलं की रजा ठरली होती, पण एक घोडी आजारी पडली आणि येणं राहिलं. ताईंनी नवऱ्याच्या हातातून फोन हिसकावला.

"इफ यू हॅड कम, आय वुड हॅव मेड न्यू कर्टन्स! इफ यू हॅड कम, ही वुड हॅव फिक्स्ड द डोअरबेल!"

पलीकडे जावयाने दबक्या आवाजात बायकोला काहीतरी विचारलं आणि लेक खो खो हसत सुटली.

"आई, तो विचारतोय, माझं काय चुकलं?"

"चुकायचं काय? सांग त्याला, परक्याला मी कशाला बोलू?"

लेकीने ते सांगितलं. जावई म्हणे इतका खूश झाला, की त्याने त्याच आठवड्यात नव्याने रजा टाकली.

दोघं आली. दार उघडलं तर चौकटीएवढा उंच जावई वाकून उभा. त्याने घसा खाकरला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि एकेक शब्द ठोकून बसवत म्हणाला, "आई, मी आधी आलो असतो, तर बरं झालं असतं."

ताईंनी चूक शोधली. सापडेना. तोंड उघडलं, मिटलं. नवरा भिंतीला टेकून हा देखावा डोळे भरून पाहत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला हे जमलं नव्हतं.

"गप्प काय बसलीस? उत्तर दे की," तो म्हणाला.

"तुम्ही पाणी आणा आधी," ताई म्हणाल्या आणि जावयाची बॅग उचलायला वाकल्या. ती उचलली गेली नाही, तेव्हा एक पट्टा त्याने धरला, एक त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीपाशी ताईंनी टेपचं एक टोक जावयाच्या हातात दिलं. उंची पुरत असल्यामुळे त्याला स्टुलावर चढावं लागलं नाही.

"होल्ड," त्या म्हणाल्या. "टाइट."

त्याने टेप ताणून धरली.

"कोणता रंग हवा, विचार त्याला," त्यांनी लेकीला सांगितलं, मग स्वतःच थांबल्या, जरा विचार केला आणि जावयालाच विचारलं, "विच कलर यू वॉन्ट?"

"निळा," तो म्हणाला.

ताईंनी निळं कापड काढलं, आणि न विचारता अस्तरही.